टाके निघाल्यावरची पुस्तकं

मा. जिल्हाधिकारी, कोल्हापूर यांस,



हे पत्र चार चित्रपुस्तकांसाठी आहे. ओठ किंवा टाळू दुभंगलेलं बाळ जन्माला आलं आणि त्याची नोंद झाली की सरकारदरबारी त्याची एक फाइल तयार होते. त्या फाइलीतल्या ऑपरेशनच्या कागदांबरोबर चार पुस्तकंही त्याच्या घरी जावीत, आणि बाळाला मांडीवर घेऊन ती कशी वाचायची हे घरच्यांना कुणीतरी शेजारी बसून दाखवावं, एवढीच माझी मागणी आहे. ती डॉक्टरांकडे न करता आपल्याकडे करते आहे, कारण दवाखाना, अंगणवाडी आणि ग्रंथालय या तिघांना एका टेबलाभोवती बसवणं आपल्यालाच जमेल. शिवाय जिल्हा नियोजन समितीचे सदस्य-सचिवही आपणच.

मी शाहूपुरीत राहते. आयुष्य बालवाडीत गेलं. आता संध्याकाळी गल्लीतली पोरं घरी येऊन पुस्तकं उलटीपालटी करतात, एवढाच माझा अधिकार. मी डॉक्टर नाही, स्पीच थेरपिस्टही नाही. पण बालवाडीच्या वर्गात अशी मुलं मी पाहिली आहेत. ओठावरचा व्रण शोधावा लागेल इतका फिका झालेला असतो. प्रवेशाच्या वेळी आई सांगते, "बाई, त्याचं ऑपरेशन झालंय, आता काही प्रॉब्लेम नाही." मुलाला सगळं समजतं. पण प्रश्न विचारला की ते मान हलवतं, बोट दाखवतं, नाहीतर शेजारच्या पोराकडं बघतं. आपण तोंड उघडलं की बाकीचे हसतात, हे त्याला साडेतीन वर्षांच्या वयात पक्कं कळलेलं असतं.

आधी आकडा मांडते, म्हणजे मागणी केवढी आहे ते कळेल. साधारण ७०० ते १,००० जन्मांमागे एक बाळ असं असतं, असा अंदाज आहे. २०११ च्या जनगणनेत आपल्या जिल्ह्याची लोकसंख्या ३८ लाख ७६ हजार होती. हजारी १५ जन्म धरले तर वर्षाला ५८ हजार बाळं, आणि त्यांत अशी ६० ते ८०. हा माझा वहीतला हिशोब. नोंदलेला आकडा आपल्याला एका फोनवर मिळेल. सहा वर्षांखालची सगळी मुलं धरली तरी पाचशेच्या आतच. म्हणूनच ती कुणाच्या नजरेत भरत नाहीत. एखाद्या अंगणवाडीत वर्षानुवर्षं असं मूल येत नाही, आणि आलं की त्याच्याशी कसं बोलायचं हे ताईंना कुणी सांगितलेलं नसतं.

ऑपरेशनबद्दल माझी तक्रार नाही, उलट कौतुकच आहे. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची सुरुवात फेब्रुवारी २०१३ मध्ये आपल्याच राज्यात, पालघरला झाली. त्याच्या यादीतल्या जन्मजात व्यंगांत दुभंगलेला ओठ आणि टाळू आहे. पथकं वर्षातून दोनदा अंगणवाडीत आणि एकदा शाळेत येऊन मुलं तपासतात. १९९९ साली स्थापन झालेल्या 'स्माइल ट्रेन'सारख्या संस्था भारतातल्या रुग्णालयांमार्फत ही ऑपरेशनं मोफत करून देतात. ओठ साधारण तीन ते सहा महिन्यांत शिवतात, टाळू नऊ ते अठरा महिन्यांत. आपल्याकडे वजन भरत नाही, रक्त कमी असतं, सर्दी हटत नाही, म्हणून तारीख पुढं जाते. तरीही ज्या घरात तीस वर्षांपूर्वी "देवानं दिलं तसं" म्हणून गप्प बसले असते, त्या घरातलं बाळ आज टेबलावर जातं. ही लहान गोष्ट नाही.

ग्रहणामुळं असं होतं या समजुतीचं तेवढं सांगून टाकते, कारण ते सांगितल्याशिवाय पुढचं आईच्या कानात शिरत नाही. गर्भात ओठ जुळतो तो चौथ्या ते सातव्या आठवड्यात, आणि टाळू त्याच्या पाठोपाठ. त्या वेळी कित्येक बायकांना दिवस गेल्याचंही पुरतं कळलेलं नसतं. कारणांमध्ये आनुवंशिकता असते, काही औषधं असतात, बऱ्याचदा नेमकं कारण सापडतच नाही. आपल्याकडे मात्र ग्रहण हमखास सापडतं, आणि ग्रहणात विळी हातात धरलेली सूनही. बाळंतिणीला पहिल्या महिन्यात हे इतक्या वेळा ऐकवलं जातं की बाळाच्या तोंडाकडं बघणं तिला अवघड होतं. त्यात दूध ओढता येत नाही, पाजलेलं नाकातून बाहेर येतं. वाटी-चमच्यानं एकेक घोट देत तासभर जातो, तोवर पुढच्या पाजण्याची वेळ होते. बाळाशी गप्पा मारायला उसंत कुठली?

ही उसंत नसणं पुढं भोवतं. इंग्लंडमध्ये लिन मरे या मानसशास्त्रज्ञ बाई आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००८ साली एक अभ्यास प्रसिद्ध केला. ओठाचं ऑपरेशन जन्मल्याबरोबर झालेली बाळं आणि तीन-चार महिन्यांनी झालेली बाळं त्यांनी ताडून पाहिली. उशिरा ऑपरेशन झालेल्या बाळांशी आयांचा खेळ, नजरानजर कमी पडत होती. दीड वर्षाच्या वयात ही बाळं समजेच्या चाचण्यांत मागं दिसली, आणि त्या मागं पडण्याचा धागा आई-बाळाच्या त्या सुरुवातीच्या दोन महिन्यांतल्या देवाणघेवाणीपर्यंत जात होता. माया कमी होती असा याचा अर्थ नाही. चेहऱ्याकडं बघायचं धैर्य कमी पडत होतं, आणि ते कमी पडायला जग कारणीभूत होतं.

आता बोलण्याकडं येते. आपल्या वर्णमालेचा तक्ता डोळ्यांसमोर आणा. क, च, ट, त, प हे पाच वर्ग. प्रत्येकातली पहिली चार व्यंजनं म्हणायची तर तोंडात हवा कोंडून सोडावी लागते, आणि त्यासाठी टाळूचा मागचा मऊ भाग वर उचलून नाकाकडची वाट बंद करावी लागते. टाळूच फाटलेली असेल तर हवा नाकातून निसटते. म्हणजे क ते भ अशी वीस व्यंजनं आणि वर श, ष, स, एवढी सगळी या बाळाच्या हातची जातात. त्याच्याकडं मुख्यतः उरतात प्रत्येक वर्गातली पाचवी अनुनासिकं, य, व, ह आणि स्वर.

मराठी घरात याचा परिणाम गमतीदार आणि त्रासदायक दोन्ही होतो. 'आई' या शब्दात दोन्ही स्वरच, त्यामुळं ते नीट येतं. मामा येतं, नाना येतं, माऊ येतं, हम्मा येतं. 'बाबा' मात्र 'मामा' होतं आणि 'दादा' होतं 'नाना'. पोरगं बापाला मामा म्हणतंय म्हणून घरभर हशा पिकतो. पहिल्यांदा मूलही हसतं. चौथ्यांदा ते बापाला हाकच मारत नाही, जाऊन शर्ट ओढतं. टाळू दुभंगलेली मुलं आपल्याला जमणाऱ्या आवाजांचे शब्द निवडतात आणि बाकीचे टाळतात, हे अभ्यासकांनी नोंदवलेलं आहे. काही जण घशातच आवाज अडवून क-ट ची भरपाई करतात, आणि ती सवय टाळू शिवल्यावरही सुटत नाही.

ऑपरेशननं सगळं आपोआप सुरळीत होतं असंही नाही. युरोपातल्या काही देशांत आणि ब्राझीलमध्ये ५५८ बाळांवर झालेली एक मोठी चाचणी २०२३ साली 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन'मध्ये आली. टाळूचं ऑपरेशन सहाव्या महिन्यात झालेल्यांपैकी ८.९ टक्के आणि बाराव्या महिन्यात झालेल्यांपैकी १५ टक्के मुलांची नाकाकडची वाट पाचव्या वर्षीही बोलताना पुरेशी बंद होत नव्हती. तिथं सगळं वेळेवर होतं, पाठपुरावा चोख असतो. आपल्याकडच्या उशिराचा हिशोब आपणच करा.

इथं एक फरक मला ठासून सांगायचा आहे. गेंगाणं बोलणं हा उच्चाराचा प्रश्न आहे. त्यासाठी सर्जन लागतात, स्पीच थेरपिस्ट लागतात, कधी दुसरं ऑपरेशन लागतं. पुस्तक वाचून नाकातला आवाज जात नाही, आणि जातो असं कुणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका. पण शब्दांचा साठा, वाक्य बांधणं, गोष्टीचा धागा धरणं, 'का' आणि 'मग' विचारणं, ही भाषा. ती तोंड दुरुस्त होईपर्यंत थांबायची गरज नसते. ती कानातून आणि डोळ्यांतून आत जाते. आपण मात्र या मुलांच्या बाबतीत दोन्ही गोष्टी एकाच फाइलीत घालून ऑपरेशनच्या तारखेची वाट बघतो. तोपर्यंत भाषेची सगळ्यात भुकेली दोन वर्षं निघून जातात.

आणि कान म्हणावेत तर तेही पुरते हातात नसतात. टाळूचे जे स्नायू कानाकडं जाणारी नळी उघडतात तेच कमकुवत असल्यानं या बाळांच्या कानाच्या पडद्यामागं चिकट पाणी साठतं. टाळू दुभंगलेल्या जवळजवळ प्रत्येक बाळाला याचा त्रास कधी ना कधी होतो. पाणी कमी-जास्त होत राहतं, त्यामुळं मूल आज ऐकतं आणि पुढच्या आठवड्यात ऐकत नाही. घरच्यांना वाटतं हट्टी आहे. स्वयंपाकघरातून मारलेली हाक अशा कानाला अर्धीच पोचते. पुस्तक मांडीवर घेऊन बसलं की वाचणाऱ्याचं तोंड बाळाच्या कानापासून वीतभर अंतरावर येतं. मूल तिरकं बसवलं तर त्याला ओठही दिसतात, आणि ज्या शब्दाचा आवाज कानात शिरतो त्याचंच चित्र बोटाखाली असतं. अर्धवट ऐकू येणाऱ्या मुलाला भाषा शिकवायची यापेक्षा स्वस्त सोय मला तरी माहीत नाही.

"वाचून दाखवा" म्हटलं की मात्र लोक पुस्तक भाषणासारखं वाचतात. मूल दुसऱ्या पानावर उठून जातं, मग "ह्याला आवडच नाही" असा निकाल लागतो. वाचायचं असतं ते बोलत, थांबत. पानावर म्हैस आहे. तुम्ही बोट ठेवून म्हणता, "म्हस!" आणि गप्प बसता. मनात पाचपर्यंत मोजता. हे मोजणं फार अवघड असतं, मोठ्या माणसाला शांतता सोसत नाही. मूल "अँ, अँ" करत पाण्याकडं बोट दाखवतं. "व्हय, पाणी. म्हस पाण्यात बसलीया." पुन्हा थांबायचं. मूल म्हणतं, "मानी." इथं घराघरात जे होतं ते मला पाठ आहे. "मानी नाही रे, पाणी. म्हण पा-णी. नीट म्हण." झालं, पुस्तक मिटलं. त्याऐवजी म्हणायचं, "व्हय, पाणी! लई पाणी. थंड पाणी." मुलाला बरोबर शब्द तीनदा ऐकायला मिळाला, परीक्षा एकदाही झाली नाही, आणि त्याचा 'मानी' आपल्याला कळला याचा आनंद त्याच्या तोंडावर दिसला.

टाळू शिवून झाल्यावर थेरपिस्ट सांगतात की ओठांचे आणि जिभेच्या टोकाचे आवाज मुलाच्या कानावर भरपूर पडू द्या. मग पावसाचं पान काढून टप टप, गाडीचं काढून पी पी, ढोलाचं काढून ढुम ढुम. मुलानं घशातून खाकरल्यासारखा आवाज काढला तर त्याची वाहवा करायची नाही, रागवायचंही नाही, आपण तोच शब्द तोंडाच्या पुढच्या भागातून हसत म्हणायचा. इतकं घरच्यांना शिकवायला एक सकाळ पुरते. माझ्या मते बापांना आधी शिकवावं. त्यांना वाटतं हे बायकांचं काम, आणि एकदा 'मामा' ऐकून दुखावलेला बाप पुस्तक धरून बसला की घराचा नूरच बदलतो.

या पद्धतीला जगात नाव आहे, पुरावा आहे. अमेरिकेत ग्रोव्हर व्हाइटहर्स्ट यांनी १९८८ साली दाखवलं की आईबाप विचारत, थांबत, मुलाच्या उत्तरात भर घालत वाचायला लागले तर महिनाभरात दोन-अडीच वर्षांच्या मुलांच्या बोलण्यात फरक पडतो. १९९२ साली मेक्सिकोतल्या पाळणाघरात तेच दिसलं. २००९ मध्ये बांगलादेशातल्या खेड्यांतल्या बालवाड्यांत चार आठवडे असं वाचन झालं आणि मुलांचा शब्दसाठा चांगलाच वाढला. बांगलादेशातल्या खेड्यात जमतं ते गगनबावड्यात का जमू नये? ज्यांचा मी वर उल्लेख केला त्या लिन मरे बाईंनीच पुढं दक्षिण आफ्रिकेतल्या खायेलित्शा या गरीब वस्तीत काम केलं. तिथल्या आयांना आठ आठवडे बाळांबरोबर पुस्तक बघायला शिकवलं. दीड वर्षाच्या आतली ती बाळं, त्यांची भाषा आणि चित्त एकाग्र करणं दोन्ही सुधारल्याचं २०१५ साली प्रसिद्ध झालं. दुभंगलेल्या टाळूच्या मुलांपुरते अभ्यास लहान आहेत, हे मान्य करते. अमेरिकेत नॅन्सी शेरर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी आयांनाच शिकवून घरी बोलण्याचे खेळ घ्यायला लावले; मुलं थोडीच होती, पण त्यांचे शब्दही वाढले आणि आवाजही. पुरावा थोडा, खर्च नगण्य, अपाय शून्य. अशा वेळी मी तरी थांबणार नाही.

डॉक्टरांनी पुस्तक द्यावं ही कल्पनाही नवी नाही. बोस्टनच्या सरकारी रुग्णालयात १९८९ पासून बालरोगतज्ज्ञ तपासणीला आलेल्या मुलाच्या हातात पुस्तक देऊ लागले आणि पुढं ती पद्धत अमेरिकाभर पसरली. इंग्लंडात बर्मिंगहॅमला १९९२ मध्ये बाळांना पुस्तकं देण्याची सुरुवात ३०० कुटुंबांपासून झाली. आपल्याला तेवढीही नकोत, ८० पुरेत.

यावर आक्षेप येतील, ते माझ्याही कानावर आले आहेत. पहिला म्हणजे, "आईला वाचता येत नाही." मग शब्द नसलेली पुस्तकं द्या. माधुरी पुरंदरे यांचं 'चित्रवाचन' बघा, त्यातल्या पानापानावर बोलायला इतकं आहे की अक्षर न ओळखणारी आजी तासभर बोलेल. त्यांचंच 'राधाचं घर' आहे, घरातल्या माणसांचं. प्रथम बुक्सच्या 'स्टोरीवीव्हर'वर २०१५ पासून मराठीसह अनेक भाषांतली चित्रपुस्तकं फुकट आहेत, छापून घेता येतात. दुसरा आक्षेप, "आमची भाषा शुद्ध नाही." याच्याशी मला सगळ्यात जास्त भांडावं लागतं. पुस्तकात 'म्हैस' छापलेलं असलं तरी 'म्हस' म्हणा. आपल्याकडं बाई "मी जेवलो" म्हणते, तसंच बोला. शाहूपुरीत गुजराती, मारवाडी, कानडी, दख्खनी बोलणारी घरं आहेत. त्यांनी त्याच पानावर आपल्या भाषेत बोलावं. हृदयातली भाषा वगैरे मोठं बोलत नाही, साधं कारण आहे. ज्या भाषेत आई भांडते आणि लाड करते तिच्यात तिला शब्द कमी पडत नाहीत.

तिसरा आक्षेप कुणी तोंडानं घेत नाही, हातानं घेतात: मोबाइल. "बडबडगीतं लावून देतो की." लावा, पण मोबाइल थांबत नाही. ज्या मुलाला उत्तर द्यायला इतरांपेक्षा जास्त वेळ लागतो, त्याच्यासाठी मोबाइल पुढं निघून गेलेला असतो, आणि 'मानी'ला "व्हय, पाणी" म्हणणारं तिथं कुणी नसतं.

एका मुद्द्याचा आपल्या जिल्ह्याला विशेष विचार करावा लागेल. हंगामात उसाच्या फडांवर येणाऱ्या ऊसतोड कुटुंबांतही अशी बाळं असतात. दिवाळीच्या सुमाराला येतात, उन्हाळ्याच्या तोंडाशी परत जातात. ऑपरेशनची तारीख एका जिल्ह्यातली, पाठपुरावा दुसऱ्या जिल्ह्यातला, आणि थेरपी कुठलीच नाही. दर आठवड्याला स्पीच थेरपिस्टकडं या, असं त्या आईला सांगणं म्हणजे थट्टा आहे. तिच्या कोपीत पुस्तक राहू शकतं. कारखान्यांवर साखरशाळांचा अनुभव असलेली माणसं आहेत. त्यांना या कामात ओढावं.

आता नेमकं काय करायचं ते. केंद्राच्या मार्गदर्शक सूचनांनुसार जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्रात वाचा आणि श्रवणतज्ज्ञाचं पद असतं. त्या तज्ज्ञांनी एक दिवस बाल स्वास्थ्य पथकांना आणि अंगणवाडीच्या पर्यवेक्षिकांना हे वाचन करून दाखवावं, प्रत्यक्ष मूल मांडीवर घेऊन. पडद्यावर तक्ते दाखवून नव्हे. पथकांनी बाळ सापडल्या भेटीतच पहिलं पुस्तक द्यावं, ऑपरेशनची वाट न बघता. दुसरं ओठ शिवल्यावर, तिसरं टाळूच्या टाक्यांनंतर, चौथं अंगणवाडीत जाताना. पथकाच्या नोंदवहीत एक रकाना वाढवावा: पुस्तक दिलं का, आणि घरच्यांनी आपल्यासमोर एक पान वाचून दाखवलं का. रकाना नसेल तर काम होत नाही, हे मी सरकारी बालवाडीत शिकले. आणि ज्यांची फक्त टाळू दुभंगलेली आहे, ओठ धड आहे, अशी बाळं पहिल्या तपासणीत निसटतात, कारण बाहेरून काहीच दिसत नाही. दूध नाकातून येतं असं आई म्हणाली की तोंडात टॉर्च मारून बघायचं, हेही त्याच दिवशी सांगून टाकावं.

ग्रंथालयांचंही काम आहे. करवीर नगर वाचन मंदिर १८५० पासून या गावाला पुस्तकं देतं आहे. १९६७ च्या ग्रंथालय कायद्याखाली अनुदान घेणारी ग्रंथालयं तालुक्यातालुक्यांत आहेत. त्यांना आपण एवढंच कळवावं की सहा वर्षांखालच्या मुलांसाठी जमिनीलगतचा एक कप्पा हवा, आणि या मुलांच्या घरच्यांकडून अनामत घेऊ नये. हातातली पुस्तकं काही महिन्यांत पाठ होतात, त्यानंतर घरच्यांना जायला जागा हवी.

मी राहते त्या शाहूपुरी पेठेचं नाव ज्यांच्यावरून पडलं त्या शाहू महाराजांनी १९१७ साली संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचं आणि मोफत केलं, पोर शाळेत न धाडणाऱ्या पालकाला महिना एक रुपया दंड ठेवला. लीलाताई पाटलांनी १९८५ मध्ये याच गावात सृजन आनंद विद्यालय काढून मुलाला न घाबरवता शिकवता येतं हे दाखवलं. या दोन्ही गोष्टींचा आपण भाषणांत पुष्कळ वापर करतो. शाळेच्या दारापर्यंत पोचण्याआधीच जे मूल गप्प झालं, त्याच्यापर्यंत मात्र दोन्ही पोचत नाहीत.

पैशाचं बोलते. पुस्तक १०० रुपयांना धरलं तर एका बाळामागं ४००, आणि ८० बाळांमागं ३२,००० रुपये. प्रशिक्षणाचा दिवस, चहा, येण्याजाण्याचा खर्च धरूनही लाखाच्या आत. चौकात लागणाऱ्या वाढदिवसांच्या डिजिटल फलकांचा हिशोब मी इथं काढत नाही, आपण रोज त्याखालून जाता.

शाहूपुरीतल्या एका व्यापाऱ्यानं मला सांगितलं, "बाई, ३२ हजार आम्ही गोळा करतो, साहेबांना कशाला पत्र?" भाव चांगला आहे. पण वर्गणीचं काम पहिल्या वर्षी फोटोसकट होतं, दुसऱ्या वर्षी निम्म्यावर येतं आणि तिसऱ्या वर्षी गोळा करणारा माणूसच दुसऱ्या मंडळात गेलेला असतो. बाळं मात्र दरवर्षी तेवढीच जन्माला येतात. म्हणून ही रक्कम एखाद्या कायमच्या लेखाशीर्षाखाली, दर एप्रिलला कुणी आठवण न करता यावी, असं मला वाटतं. व्यापाऱ्यांचे पैसे हवेच असतील तर ते ऑपरेशनला आलेल्या घरच्यांच्या जेवणाला लावा, तिथंही गरज आहे.

पुस्तकं निवडायला बोलावलंत तर येईन. निविदा काढताना मात्र एक अट घाला, पानं जाड पुठ्ठ्याची हवीत. टाळूच्या ऑपरेशननंतर काही आठवडे बाळाच्या तोंडात काही जाऊ द्यायचं नसतं, तेवढे दिवस पुस्तक मोठ्यांच्या हातात राहील. त्याआधी आणि नंतर, वर्षाचं मूल कुठलंही पुस्तक पहिल्यांदा चावूनच बघतं.

कळावे,

आपली नम्र,
शाहूपुरीतली एक निवृत्त बालवाडी शिक्षिका